फाइल जागेवर आहे, तरी सापडत नाही

माझी भाची संगणकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. सातवीपर्यंत उर्दू माध्यम, दहावीपर्यंत मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी, असे तिचे शिक्षण. प्रकल्पाचा विषय तिने स्वतः निवडला होता. गावच्या विहिरीत सेन्सर सोडायचा आणि पाण्याची पातळी संगणकावर नोंदवायची. प्रोग्राम सी भाषेतला, लिनक्सवर चालणारा. सेन्सरशी बोलण्यासाठी तिने लिबमॉडबस ही तयार लायब्ररी घेतली होती. सहा महिने ती या कामात बुडालेली होती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक समोर बसले. तिने प्रोग्राम सुरू केला. सेन्सरचा पोर्ट उघडायची परवानगी नाही, असे उत्तर आले. लॅबमधल्या सरांनी मदत करावी म्हणून त्याच आज्ञेच्या आधी 'सुडो' लावले आणि स्वतःचा पासवर्ड टाकला. आता वेगळेच उत्तर आले. लिबमॉडबस.एसओ.५ ही शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. तिने फोल्डर उघडून दाखवला. फाइल तिथेच होती. पुन्हा चालवले, पुन्हा तेच. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले, कागदावर 'प्रोग्राम चालत नाही' असे लिहिले आणि पुढच्या मुलाला बोलावले.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली ती रडून डोळे सुजवूनच. म्हणाली, "मामू, फाइल तिथेच आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. काल रात्री हाच प्रोग्राम त्याच मशीनवर नमुन्याच्या नोंदी घेऊन चालला होता. मला हे जमणारच नाही. तुम्ही अब्बूंना सांगा, मी बीएड करते."

बीएड करण्यात कमीपणा काहीच नाही. तिची आई, म्हणजे माझी आपा, आयुष्यभर शाळेत शिकवत आली आहे. पण ही मुलगी शिकवण्याची ओढ म्हणून बीएड मागत नव्हती. एका ओळीच्या संदेशाने तिला पटवून दिले होते की तिच्यात काहीतरी कमी आहे. मी गेली बावीस वर्षे लिनक्सवर प्रोग्राम बांधण्याचे काम करतो. तिची चूक शोधायला मला पाच मिनिटे लागली. पण तिला ती का सापडली नाही, सरांना का सापडली नाही आणि परीक्षकांना ती शोधावीशी का वाटली नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही. हा लेख त्यासाठी आहे.

वाचकांपैकी अनेकांचा संगणकाच्या आतल्या कामाशी संबंध येत नसेल. तरीही थोडा वेळ द्यावा. तुमच्याही घरात कुणीतरी बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करत असेल आणि रात्री बारा वाजता पडद्याकडे बघत स्वतःला दोष देत असेल.

आधी गोष्ट समजून घेऊ. आपण लिहिलेल्या प्रोग्राममध्ये सगळे काम आपले नसते. गणित, छपाई, नेटवर्क, सेन्सर अशी कितीतरी कामे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली असतात. त्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. आपल्या कोकणातल्या गावांत लग्नाच्या दावतीसाठी जमातीची भांडी असतात. प्रत्येक घर देग विकत घेत नाही, जमातीच्या खोलीतून आणते. शेअर्ड लायब्ररीही तशीच. एकच प्रत ठेवायची, अनेक प्रोग्रामांनी वापरायची.

आता दावत ठरवताना काय होते? भटारी घरी येतो, यादी करतो. चार मोठ्या देगा लागतील, त्या जमातीच्या खोलीत आहेत, आपण पाहिल्या आहेत, काम ठरले. दावतीच्या दिवशी मात्र भांडी आणायला भटारी जात नाही, दुसराच पोरगा जातो. भटाऱ्याने कोणती खोली पाहिली होती हे त्या पोराला कुणी सांगितलेले नसते. त्याच्या खिशात स्वतःची पत्त्यांची यादी असते. त्या यादीत ती खोली नसेल तर तो हात हलवत परत येतो आणि म्हणतो, देग नाही. देग असते. त्याला पत्ता नसतो.

लिनक्समध्ये भटारी म्हणजे लिंकर आणि पोरगा म्हणजे लोडर. प्रोग्राम बांधताना लिंकर काम करतो, चालवताना लोडर. दोघे वेगळे, दोघांच्या पत्त्यांच्या याद्या वेगळ्या. जीसीसीला मोठ्या एलचा पर्याय देऊन आपण जो फोल्डर सांगतो, तो फक्त लिंकरसाठी असतो. लोडरपर्यंत तो पोहोचत नाही. माझ्या अनुभवात या विषयातला निम्मा गोंधळ एवढे एक वाक्य न कळल्यामुळे होतो.

उरलेला निम्मा गोंधळ संदेश न वाचल्यामुळे. खरे पाहता संदेश नेमके कुठे अडले ते सांगत असतात. चार मुख्य प्रकार आहेत.

पहिला, '.एच' संपणारी हेडर फाइल सापडत नाही. हे कंपायलरच्या सुरुवातीच्या टप्प्यावरचे अडणे आहे. लिंकरपर्यंत गाडी आलेलीच नाही. डेबियन आणि उबुंटूवर बहुतेक वेळा लायब्ररी असते, पण तिचे 'डेव्ह' पॅकेज टाकलेले नसते. फेडोरावर त्याच पॅकेजच्या नावामागे 'डेव्हल' लागते. ते टाकले की काम होते. फाइल वेगळ्या जागी असेल तर मोठ्या आयचा पर्याय देऊन ती जागा सांगायची.

दुसरा, अमुक नावाचा 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. इथे कंपायलरचे काम झालेले आहे. लिंकरला फंक्शनचे नाव ठाऊक आहे, पण ते कोणत्या लायब्ररीत आहे ते सांगितलेले नाही, किंवा चुकीच्या क्रमाने सांगितले आहे. लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो. स्टॅटिक लायब्ररीतून तो तेवढेच उचलतो, जे त्या क्षणापर्यंत कुणीतरी मागितलेले आहे. लायब्ररी आधी लिहिली आणि तिला वापरणारी फाइल नंतर, तर ती येईपर्यंत लायब्ररी मागे पडलेली असते. उबुंटूवर शेअर्ड लायब्ररीच्या बाबतीतही हा क्रम पाळावा लागतो. म्हणून लायब्ररी नेहमी शेवटी लिहावी. वर्गमुळाची गंमत तर सगळ्यांना फसवते. प्रोग्राममध्ये थेट आकडा लिहून त्याचे वर्गमूळ मागितले तर गणिताची लायब्ररी न जोडताही चालते, कारण जीसीसी ते उत्तर बांधतानाच काढून ठेवतो. तोच आकडा वापरणाऱ्याकडून घेतला की लिंकर अडतो. मुलाला वाटते, काल चालत होते, आज बिघडले. बिघडले काहीच नाही.

तिसरा, छोट्या एलने मागितलेली लायब्ररीच सापडत नाही, असे लिंकरचे म्हणणे. मॉडबस मागितले तर लिंकर 'लिबमॉडबस.एसओ' या नावाची फाइल शोधतो. मशीनवर 'लिबमॉडबस.एसओ.५' असते, पण शेवटी आकडा नसलेले नाव नसते, कारण तो दुवा 'डेव्ह' पॅकेजातून येतो. आकड्याचे नाव लोडरसाठी, बिनआकड्याचे लिंकरसाठी. इथेही दोघे वेगळेच.

चौथा, प्रोग्राम बांधून झाला आणि चालवताना शेअर्ड लायब्ररी उघडत नाही. भाचीला मिळालेला हाच. इथे कंपायलर आणि लिंकर दोघेही सुटले. चौकशी फक्त लोडरकडे करायची. 'एलडीडी' ही आज्ञा प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देते आणि जी सापडत नाही तिच्यापुढे तसे लिहिते. फक्त अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रामवर ती चालवू नये, कारण त्यात तो प्रोग्रामच चालण्याचा धोका असतो. तिथे 'रीडएल्फ' बरे. आणि 'एलडी_डीबग' या चलाला 'लिब्ज' ही किंमत देऊन प्रोग्राम चालवला तर लोडर कोणत्या कोणत्या दारावर जाऊन आला ते ओळीने छापतो. हे एवढे साधन हाताशी असताना अंदाज बांधत बसायचे कारण नाही.

मग लोडर शोधतो कुठे? प्रोग्राममध्येच लिहून ठेवलेला पत्ता असेल तर तो, 'एलडी_लायब्ररी_पाथ' या चलात दिलेले फोल्डर, त्यानंतर 'एलडीकॉन्फिग'ने तयार केलेली नोंदवही आणि शेवटी व्यवस्थेचे ठरलेले फोल्डर. प्रोग्राममध्ये लिहिलेला पत्ता जुन्या पद्धतीचा, म्हणजे 'आरपाथ' असेल तर तो चलाच्या आधी पाहिला जातो. नव्या पद्धतीचा 'रनपाथ' असेल तर चलाच्या नंतर.

आता भाचीच्या प्रोग्रामकडे येऊ. लॅबच्या मशीनवर तिला काही टाकायची परवानगी नव्हती, म्हणून तिने लिबमॉडबस स्वतःच्या होम फोल्डरमध्ये बांधली. प्रोग्राम बांधला गेला, चालला नाही. वर्गातल्या एका मुलाने तिला एक ओळ दिली, 'ही बॅशआरसीत टाक.' ती ओळ 'एलडी_लायब्ररी_पाथ' ठरवणारी होती. ओळ टाकली, प्रोग्राम चालला, विषय संपला. ती ओळ काय करते हे त्या मुलालाही ठाऊक नव्हते. त्याला ती कुणा सीनियरने दिली होती.

परीक्षेत सरांनी 'सुडो' लावले आणि तिथेच घात झाला. 'सुडो' हा विशेष अधिकाराने चालणारा प्रोग्राम आहे. अशा प्रोग्रामच्या वेळी लोडर हे चल जाणूनबुजून मानत नाही, पुढेही जाऊ देत नाही. कारण उघड आहे. कुणीही आपल्या फोल्डरातली खोटी लायब्ररी पुढे करून रूटच्या अधिकाराने काहीही चालवून घेतले असते. म्हणजे यंत्र बिघडलेले नव्हते. ते आपले राखणदारीचे काम चोख करत होते. फाइल जागेवर होती, पण पत्त्याची चिठ्ठी दारावर काढून घेतलेली होती.

उपाय काय होता? त्या क्षणी 'सुडो'च्या पुढे 'एन्व्ह' लिहून त्यापुढे ते चल पुन्हा दिले असते तर प्रोग्राम चालला असता. दहा सेकंदांचे काम. खरा उपाय मात्र आधी करायचा होता. एक, तिचे नाव 'डायलआउट' गटात घालून घ्यायचे, म्हणजे पोर्टसाठी 'सुडो' लागलेच नसते. दोन, प्रोग्राम बांधतानाच लिंकरला सांगून लायब्ररीचा पत्ता प्रोग्राममध्ये लिहून ठेवायचा. त्यात 'डॉलर ओरिजिन' लिहिले तर त्याचा अर्थ होतो, हा प्रोग्राम जिथे असेल तिथून. मग फोल्डर पेन ड्राइव्हवर नेला तरी पत्ता चुकत नाही. फक्त ते एकेरी अवतरणात लिहायचे, नाहीतर शेल आधीच त्याचा अर्थ लावून रिकामे करून टाकते. आणि मशीन आपलेच असेल तर सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे पॅकेज टाकणे. स्वतः बांधून '/यूएसआर/लोकल/लिब'मध्ये टाकले असेल तर 'एलडीकॉन्फिग' चालवणे. फेडोराच्या घराण्यात तो फोल्डर लोडरच्या यादीत मुळात नसतो, तो 'एलडी.एसओ.कॉन्फ.डी'मध्ये नोंदवावा लागतो. लिंकरला तो दिसतो, लोडरला दिसत नाही. पुन्हा तीच गोष्ट.

माझे पहिले मत इथे स्पष्ट सांगतो. 'एलडी_लायब्ररी_पाथ' कायमचा बॅशआरसीत टाकणे ही वाईट सवय आहे आणि ती आपण एकमेकांना शिकवत आहोत. ते चल एका वेळच्या चाचणीसाठी आहे. कायमचे टाकले की त्या शेलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम आधी त्या फोल्डरात डोकावतो. मी स्वतः एकदा दीड दिवस घालवला आहे. वैज्ञानिक कामाच्या एका मोठ्या संचाचा फोल्डर त्या चलात होता. त्यात सी प्लस प्लसची जुनी लायब्ररी होती आणि व्यवस्थेचे चांगले चालणारे प्रोग्राम 'जीएलआयबीसीएक्सएक्स'ची अमुक आवृत्ती नाही म्हणत कोसळत होते. दोष त्या प्रोग्रामांचा नव्हता, मी वर्षापूर्वी टाकून विसरलेल्या ओळीचा होता. शिवाय ती ओळ सगळे एकाच ठरावीक पद्धतीने लिहितात: नवा फोल्डर, मग विसर्गचिन्ह, मग जुनी किंमत. जुनी किंमत रिकामी असेल तर विसर्गापुढे काहीच उरत नाही आणि लोडर त्या रिकामेपणाचा अर्थ 'सध्याचा फोल्डर' असा घेतो. म्हणजे तुम्ही कुठल्याही फोल्डरात उभे असाल तर तिथली फाइल लायब्ररी म्हणून उचलली जाऊ शकते. दार उघडे ठेवून झोपल्यासारखे आहे.

याच जातीचा दुसरा उपाय म्हणजे खोटे नाव देणे. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आली आणि १.१ गेली. जुने प्रोग्राम लिबएसएसएल.एसओ.१.१ मागू लागले. लोकांनी नव्या फाइलला जुन्या नावाचा दुवा करून दिला. नावातला तो आकडा सजावट नसतो. तो करार असतो. आतली रचना बदलली की तो बदलतो. खोट्या नावाने फार तर संदेश बदलतो, प्रश्न तसाच राहतो.

दुसरे मत शिक्षणाबद्दल. आपल्याकडे परीक्षेत 'लिंकर म्हणजे काय?' असा पाच गुणांचा प्रश्न येतो. मुले व्याख्या पाठ करतात आणि पाच गुण घेतात. माझ्या भाचीलाही ते पाच गुण मिळाले होते. पण लिंकर अडला कसा दिसतो आणि लोडर अडला कसा दिसतो, हे तिला कुणी एकदाही दाखवले नव्हते. दोन तासांचे एक प्रात्यक्षिक पुरेसे आहे. शिक्षकांनी मुद्दाम पाच चुका करून ठेवाव्यात: हेडर गायब, लायब्ररीचा क्रम उलटा, बिनआकड्याचा दुवा काढलेला, लायब्ररी अनोळखी फोल्डरात, आणि ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिटच्या मशीनवर. या शेवटच्या प्रकारात प्रोग्रामची फाइल डोळ्यांसमोर असूनही शेल म्हणतो, अशी फाइल नाही. खरे तर त्या प्रोग्रामला हवा असलेला लोडरच मशीनवर नसतो. प्रत्येक चुकीवर मुलांनी आधी आपल्या भाषेत लिहावे, कोण बोलतो आहे आणि काय मागतो आहे. मगच हात लावावा.

'आपल्या भाषेत' हे मी मुद्दाम म्हणतो. उर्दू आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी संदेश दिसला की तो निकालपत्रासारखा वाटतो. ती वाचत नाहीत, घाबरतात. खरे तर त्यात वीस-पंचवीस शब्दच पुन्हा पुन्हा येतात. ते एकदा मराठीत किंवा उर्दूत समजावले तर भीती जाते. शहरातल्या, घरात इंजिनिअर असलेल्या मुलालाही हीच चूक होते. फरक इतकाच की त्याला संध्याकाळी विचारायला कुणीतरी असते. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीला नसते, म्हणून ती चूक यंत्राची न समजता स्वतःची समजते.

काही मित्र म्हणतात, हे आता जुने झाले. कंटेनर आले, एआयला विचारले की उत्तर मिळते, कशाला मुलांना त्रास? कंटेनरच्या आतही तोच लोडर असतो, तशाच याद्या असतात. प्रश्न एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. आणि एआयला विचारले तर तेही अनेकदा तीच बॅशआरसीची ओळ देते, कारण इतकी वर्षे माणसांनी तीच ओळ एकमेकांना दिली आहे. मिळालेले उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवायला तरी भटारी आणि पोरगा वेगळे आहेत हे ठाऊक हवे.

त्या परीक्षकांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांना दिवसभरात तीसेक मुले बघायची होती. पण 'प्रोग्राम चालत नाही' हे लिहिण्याआधी त्यांनी पडद्यावरची ओळ वाचायला हवी होती. ती ओळ प्रोग्रामबद्दल काही म्हणतच नव्हती. लोडरने प्रोग्रामची पहिली ओळही सुरू केली नव्हती. न ऐकलेल्या साक्षीदारावर निकाल दिला गेला.

त्या रात्री मी भाचीला काही दुरुस्त करून दिले नाही. फक्त 'एलडी_डीबग' लावायला सांगितले आणि शेजारी बसलो. लोडर एकेका दारावर जाताना तिने वाचला. आधी चलासह, मग 'सुडो'सह. दुसऱ्या वेळी तिच्या होम फोल्डरचे नाव यादीत आलेच नाही. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्याने तिथे बघितलंच नाही, मामू."

गुण मिळाले ते कमीच मिळाले, ते बदलले नाहीत. पण बीएडचा विषय निघाला नाही. विहिरीवरचा संगणक सध्या तिच्याच प्रोग्रामने चालतो. तिने पत्ता प्रोग्राममध्येच लिहून ठेवला आहे. बॅशआरसीतली ओळ तिने स्वतः पुसली.

तुमच्या घरात उद्या असा कुणी पडद्यापुढे हताश बसलेला दिसला, तर तुम्हाला संगणकातले काही कळत नसले तरी चालेल. फक्त एवढेच विचारा: "बेटा, तो काय म्हणतो आहे ते मला मोठ्याने वाचून दाखव."